पावसाच्या म्हणी नेमकं काय सांगतात?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून घेतला होता. रोज सकाळी साडेआठ वाजता मुलं त्यातलं पाणी मोजत आणि वहीत मिलिमीटर लिहीत. शेजारच्या रकान्यात गुरुजी त्या दिवशीचं पावसाचं नक्षत्र लिहायला लावत. मृग आणि मिलिमीटर एकाच ओळीत. पावसाबद्दलच्या लोकसमजुतींवर बोलायला मला हे व्यासपीठ म्हणूनच योग्य वाटतं.

या समजुतींविषयी आपल्याकडे दोनच तऱ्हेने बोललं जातं. एक बाजू म्हणते, आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. दुसरी बाजू म्हणते, ही सगळी अडाण्यांची बडबड. दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. म्हण, पंचांगातलं वाहन, टिटवीची अंडी, अक्षय्य तृतीयेची घटमांडणी या सगळ्यांना त्या एकाच मापाने मोजतात. या गोष्टी मुळात एका जातीच्या नाहीत. त्यांतली कोणती जपायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवायचं तर त्या आधी वेगळ्या काढल्या पाहिजेत.

सुरुवात नक्षत्रांपासून करतो. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. बहुतेक पंचांगांप्रमाणे रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा असं करत २३-२४ ऑक्टोबरला स्वाती लागते. आपल्या शेतकऱ्याने ही सगळी नावं स्वतःच्या बोलीत वळवून घेतली. मृगाचा मिरग झाला. पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, अंगात जोर असलेला. पुष्य म्हणजे म्हातारा, दिवसभर रिपरिप करत राहणारा. आश्लेषाचं आसळका झालं, हस्ताचा हत्ती झाला. काही भागांत सासूचा पाऊस आणि सुनेचा पाऊसही असतो. इंग्रजी महिने माहीत असलेला माणूससुद्धा गावाकडे आजही ‘आर्द्रात पेरलं’ असंच सांगतो. साडेपाच महिन्यांच्या हंगामाचे बारा तुकडे पाडून प्रत्येकाला स्वभाव देणारी ही शेतीची दिनदर्शिका आहे.

आता या दिनदर्शिकेतल्या म्हणी नीट ऐका. ‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती.’ ‘पडेल हत्ती, तर पडतील भिंती.’ यांतली एकही म्हण ‘पाऊस पडणार’ असं म्हणत नाही. पडला तर काय होईल, एवढंच सांगते. आपण यांना पावसाचे अंदाज म्हणतो, पण त्यांचा अंदाज आभाळाविषयी नाहीच. तो शेताविषयी, पिकाविषयी, घराच्या भिंतीविषयी आहे. हवामान खात्याच्या अंदाजाशी त्यांची स्पर्धा लावणंच चुकीचं आहे. त्यांचं नातं लागायचं तर कृषी सल्ल्याशी लागेल.

हत्तीची म्हण घ्या. हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या आसपास लागतं. परतीच्या पावसाचे दिवस. दुपारी आभाळ भरून येतं, गडगडाट होतो आणि तासाभरात शेताच्या ताली फुटतात. मराठवाड्यात आणि सोलापुराकडे मातीच्या भिंतींची, माळवदाची म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं होती. तीन महिने ओल पिऊन त्या भिंती आधीच फुगलेल्या असत, आणि त्यांवर हा दांडगा पाऊस कोसळे. म्हण भविष्य सांगत नव्हती. हस्त लागण्याआधी माळवदावर माती टाका, पन्हळ मोकळे करा, हे ती सांगत होती.

स्वातीची म्हण याहून जास्त शिकवते. स्वाती लागते तेव्हा सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, बीड भागात रब्बीची ज्वारी उभी असते. ही ज्वारी काळ्या भारी जमिनीत धरलेल्या ओलीवर येते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी, आणि नंतर बहुतेक ठिकाणी पाणी द्यायची सोय नाही. अशा पिकावर ऑक्टोबरच्या अखेरीला एक चांगला पाऊस पडला, की कणसात दाणा टपोरा, पांढरा भरतो. म्हणीतले मोती ते हेच. पण तोच पाऊस विदर्भात फुटलेल्या कापसावर पडला तर बोंडं भिजतात, सरकीला कोंब येतात. नाशकात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली असते. फुलोऱ्यात, पोंग्यात असलेल्या बागेवर तो पडला तर केवडा रोग उठतो. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीला राज्यभर स्वाती पडल्या. काढून शेतात ठेवलेलं सोयाबीन काळं पडलं, त्याला कोंब फुटले, द्राक्षबागा गेल्या. त्या वर्षी ही म्हण खोटी ठरली असं म्हणावं का? ती ज्वारीची होती. ज्वारीच्या गावातून उचलून आपण तिला सगळ्या महाराष्ट्राची केली, आणि मग तिच्याकडून सोयाबीनची हमी मागितली. सोयाबीन आपल्याकडे मोठ्या क्षेत्रावर आलं ते गेल्या चार-पाच दशकांतलं. त्याच्यासाठी म्हण तयार व्हायला पुरेसा काळच गेलेला नाही.

आणखी एक म्हण दोन तऱ्हांनी ऐकू येते. कुणी म्हणतं, उत्तरा पडतील तर भात खाईना कुत्रा. कुणी उत्तरांच्या जागी चित्रा म्हणतं. पाठांतराची गफलत म्हणून हे सोडून देऊ नये. उत्तरा सप्टेंबरच्या मध्यावर लागते. तेव्हा गरवं, म्हणजे उशिरा येणारं भात अजून वाढीत असतं, त्याला पाणी हवं असतं. तो पाऊस मिळाला तर भात एवढा होतो, की कुत्रंसुद्धा त्याला तोंड लावत नाही. चित्रा १० ऑक्टोबरनंतरची. हळवं, म्हणजे लवकर येणारं भात तोवर कापून पडलेलं असतं, निमगरवं पिवळं झालेलं असतं. त्यावर पाऊस आला तर भात आडवा होतो, दाणा कुजतो, आणि मग कुत्रंही खात नाही. शब्द तेच, महिना पुढे सरकला आणि सुबत्तेची म्हण नासाडीची झाली. ज्या गावात जे भात, त्या गावात ती म्हण. संग्राहकांनी ती टिपताना गाव लिहिलं नाही, भाताची जात लिहिली नाही, जमीन लिहिली नाही. त्यामुळे आज आपल्या हातात नुसतं यमक उरलं आहे. लोकवाङ्मयाच्या आपल्या संग्रहांविषयी माझी ही मोठी तक्रार आहे.

आता या म्हणींच्या वयाकडे वळतो. त्या हजारो वर्षांच्या आहेत असं आपण सहज बोलून जातो. खगोलशास्त्र त्याला साथ देत नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे जातो. आज मृग ७-८ जूनला लागतो. शिवकाळात तो ऋतूंच्या हिशेबाने २-३ जूनच्या जागी होता. ज्ञानेश्वरांच्या काळी मेच्या अखेरीला. वराहमिहिरांनी सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ लिहिली तेव्हा मृग मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागत असे, आणि तेव्हा महाराष्ट्रात मोसमी पाऊस पोचण्याचा संभव नव्हता. म्हणजे ‘मृगाला पाऊस, मृगाला पेरा’ हे गणित आज आपण ऐकतो त्या रूपात फार तर काही शतकांचं आहे. नक्षत्रं सरकत गेली आणि शेतकऱ्यांनी आपल्या म्हणी पुन्हा पुन्हा जुळवून घेतल्या, असंच मानावं लागतं. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट, या माणसांनी पोथीपेक्षा पावसावर जास्त विश्वास ठेवला याचा हा पुरावा आहे. परंपरा म्हणून मला अभिमान आहे तो या दुरुस्तीचा.

मोजणं हीसुद्धा आपलीच परंपरा आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीखात्याच्या प्रमुखाच्या प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांचं पर्जन्यमान द्रोण या मापात दिलं आहे. जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, अमित. कोठारासमोर ठरावीक तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजण्याची सूचनाही त्याच ग्रंथात आहे. किती पाऊस पडला यावर कोणतं बी पेरायचं, हे ठरे. ‘बृहत्संहिते’त मात्र दोन वेगळ्या धारा एकत्र दिसतात. मेघांचा ‘गर्भ’ धरल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो हा सिद्धान्त तिथे आहे, आणि लगेच पडणाऱ्या पावसाची वारा, ढग, पशुपक्षी यांवरून दिसणारी लक्षणंही आहेत. पहिल्याला आज आधार नाही. दुसऱ्यातलं बरंच काही कुठल्याही गुराख्याला पटेल.

या लगेचच्या लक्षणांबद्दल थोडं बोलतो, कारण इथे भौतिकशास्त्र उघड दिसतं. चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार म्हणतात, आणि खळं लांब तर पाऊस जवळ असंही म्हणतात. मोठं, लांबचं खळं उंचावरच्या विरळ ढगांतल्या हिमस्फटिकांमुळे पडतं. त्याची त्रिज्या ठरलेली असते, बावीस अंश. असे ढग पुष्कळदा मोठ्या पावसाळी प्रणालीच्या पुढे पसरतात. चंद्राला चिकटलेलं लहान रंगीत कडं मात्र बारीक जलबिंदूंचं असतं, आणि ते साध्या विरळ ढगातही दिसतं. लांब खळं आणि जवळ खळं यांतला फरक आपल्या माणसांनी डोळ्यांनी हेरला होता. मिठाला पाणी सुटणं, अंबाडीचा दोर आवळणं ही दमट हवेची मापं आहेत. शुद्ध मीठसुद्धा हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ओलं होऊ लागतं, आणि खड्याचं जाडं मीठ त्याच्या किती तरी आधी. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना खारा वारा कधी पडतो आणि मतलई कधी सुटते हे घड्याळ न पाहता कळतं, आणि रोजचा हा क्रम मोडला की ते होडी ओढून घेतात. ही लक्षणं काही तासांची, फार तर दोन दिवसांची आहेत. त्या पल्ल्यात ती उपयोगी होती, आणि तेवढ्यापुरतीच.

पक्ष्यांकडे आलं की पल्ला ताणला जातो. कावळ्याने आंब्यावर किंवा करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांकडून अशा समजुती आस्थेने गोळा केल्या आणि मराठी वाचकांपर्यंत पोचवल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. पण आस्थेने टिपणं आणि पडताळणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम आपण केलेलं नाही. टिटवीचंच बघा. जितकी अंडी तितके महिने पाऊस, असं सांगतात, आणि चार अंडी दिसली की वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते. पाऊस बुडाला त्या वर्षांतही ती चारच घालत होती. पावशाचं तसं नाही. त्याची ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी ऐकू येणारी साद हा विणीच्या हंगामाचा आवाज आहे. तो पावसाचं प्रमाण सांगत नाही. हंगाम जवळ आला, औतं तयार करा, एवढं सांगतो, आणि तेवढं बरोबर सांगतो.

अशी समजूत पडताळायची कशी, याचं एक उदाहरण दक्षिण अमेरिकेतलं आहे. पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतावरचे शेतकरी जूनच्या अखेरीला, संत जॉनच्या सणाच्या सुमारास, पहाटे डोंगरावर जाऊन कृत्तिकेचा तारकापुंज पाहतात. तारे ठळक दिसले तर वर्ष चांगलं. अंधूक दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी, म्हणून बटाट्याची लावण पुढे ढकलायची. ऑर्लोव्ह, चियांग आणि केन या तीन संशोधकांनी २००० साली ‘नेचर’मध्ये याचा खुलासा केला. एल निनोच्या वर्षी त्या भागावर अतिउंच, डोळ्यांना न दिसणारे विरळ ढग वाढतात, त्यामुळे तारे मंद दिसतात. त्याच एल निनोमुळे पुढे पाऊस घटतो. कृत्तिका पाऊस पाडत नाहीत. पण त्या आणि आपण यांच्यामध्ये असलेली हवा पुढच्या हंगामाचं काही सांगत असते. संशोधकांनी समजुतीची पूजा केली नाही आणि तिला हसलेही नाहीत. उपग्रहाच्या नोंदी काढल्या, पावसाचे आणि बटाट्याच्या उत्पादनाचे आकडे काढले आणि ताडून पाहिले. बहाव्याच्या फुलोऱ्यावरून किंवा कावळ्याच्या घरट्यावरून पाऊस सांगणाऱ्या आपल्या समजुतींवर एवढी मेहनत व्हायला हवी.

काही समजुती मात्र तपासायला उपग्रह लागत नाही. कागद-पेन्सिल पुरते. नक्षत्राचं वाहन ही त्यांतली पहिली. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. नक्षत्रं सत्तावीस, वाहनं नऊ. म्हणजे प्रत्येक वाहनाच्या वाट्याला तीन शक्यता. लांब पल्ल्यात भर पावसाळ्यातल्या पुष्य नक्षत्राला हत्ती जितक्या वेळा येईल, तितक्याच वेळा तो पाऊस संपत आलेल्या स्वातीलाही येईल. शिवाय वाहन सगळ्या महाराष्ट्राला एकच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावात गेलं तर पाचशेच्या आसपास. दोन्हीकडे हत्तीच आला, तर त्या हत्तीने माणच्या शेतकऱ्याला काय सांगितलं? या गणितात कुठेही ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही. माझं मत स्पष्ट आहे. वाहन पाहून बी विकत घेऊ नये.

भेंडवळच्या घटमांडणीबद्दलही तेच म्हणतो, पण अधिक जपून. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट आखतात. गोलाकार अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर पापड, सांडई, कुरडई, पानविडा. रात्री तिथे कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं हे पाहून पाऊस, पीकपाणी आणि देशाचा कारभारसुद्धा सांगतात. चंद्रभान महाराजांनी ही प्रथा घातली असं मानतात आणि तिला सुमारे साडेतीनशे वर्षांची सांगतात. हजारो शेतकरी ते ऐकायला येतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी त्यावर वारंवार आक्षेप घेतला आहे आणि तो रास्त आहे. उघड्या शेतात रात्रभर मुंग्या असतात, उंदीर असतात, वारा असतो. दाणे हलतात ते त्यांनी. पण तिथे येणारा माणूस मूर्ख नाही. खरिपाच्या तोंडावर कर्ज काढून बी-खत घ्यायचंय, आणि पुढच्या चार महिन्यांचं त्याच्या गावापुरतं कुणीच काही सांगत नाही. ती पोकळी घट भरून काढतो. तिथे जमणाऱ्या माणसांवर रागावण्यापेक्षा ही पोकळी कोण भरणार, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ती भरण्याचं काम सुरू होऊन दीडशे वर्षं झाली. भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. पहिल्या प्रमुखांनी, ब्लॅनफर्ड यांनी, हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि १८८६ पासून तो प्रसिद्ध होऊ लागला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून दक्षिणी आंदोलनाचा, म्हणजे एल निनोशी जोडलेल्या दाबाच्या चढउताराचा शोध लावला. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. या शास्त्राची महाराष्ट्राशी जवळीक जुनी आहे.

शास्त्राची गरज आता वाढली आहे, कारण नक्षत्रांचे स्वभाव बिघडले आहेत. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला, त्याच दिवशी दिल्लीलाही. मृग बहुतेक ठिकाणी कोरडा गेला. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये उलट झालं. २६ मेला, रोहिणी लागते न लागते तोच, मोसमी पाऊस मुंबईत हजर. नोंदींमध्ये इतका लवकर तो कधी आला नव्हता. आणि मग तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अडून बसला. रोहिणीत भिजलेल्या जमिनीवर ज्यांनी घाई केली असती, त्यांच्या वाट्याला दुबार पेरणी आली असती. कृषी विभाग तेव्हा बजावत होता, की पेरणीची घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरू नये, हा त्यांचा नेहमीचा सल्ला. जुना शेतकरी हेच ‘वाफसा येऊ दे’ अशा दोन शब्दांत सांगत होता. मूठभर माती दाबून, सोडून, बोटांना चिकटते का हे पाहत होता. नक्षत्र त्याने तारखेसाठी वापरलं. निर्णय त्याने मातीला विचारून घेतला.

म्हणून माझी आपल्याला दोन कामांची विनंती आहे. पहिलं, आपल्या घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पावसाच्या म्हणी लिहून घ्या. नुसती म्हण लिहू नका. गाव कोणतं, जमीन काळी की मुरमाड, पीक कोणतं, ती म्हण ऐकून त्यांनी खरोखर काय केलं, हे सगळं लिहा. सांगणारी बाई असेल तर बियाण्याची निवड आणि साठवण याबद्दल तिला मुद्दाम विचारा. ते ज्ञान बहुतेक तिच्याकडेच होतं आणि ते फारच थोडं टिपलं गेलं आहे. दुसरं, आपापल्या शाळेत पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला मुलांना तो वाचायला लावा, आणि आकड्याशेजारी नक्षत्र, बहावा कधी फुलला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला हेही लिहायला लावा. वीस वर्षांच्या अशा शंभर गावच्या वह्या जमल्या, तर कोणती समजूत खरी आणि कोणती खोटी हे आपल्याला ठामपणे सांगता येईल. तोवर विजांच्या दिवसांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आणि पेरणीच्या दिवसांत हवामान खात्याचं ‘मेघदूत’ फोनमध्ये असू द्या. ही दोन्ही मोफत आहेत.